ग्लोरिएटा खिंड, मार्च १८६२: मैदान हाती आले, तरी टेक्सासचे सैन्य मागे का फिरले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, न्यू मेक्सिको प्रांतातील ग्लोरिएटा खिंडीत २८ मार्च १८६२ रोजी दक्षिणेच्या महासंघाकडून लढणाऱ्या टेक्सासच्या सैनिकांनी संध्याकाळपर्यंत शत्रूला मागे रेटले आणि रणभूमी त्यांच्याच ताब्यात राहिली. तरीही पंधरवड्यात त्यांनी परतीची वाट धरली. हे कसे घडले? आणि दोन्ही बाजू मिळून अडीच हजारही माणसे नसलेल्या या लढाईला, याच युद्धातल्या सर्वांत प्रचंड लढाईवरून, ‘पश्चिमेचे गेटिसबर्ग’ म्हणणे योग्य आहे का?

माझी नोकरी लष्कराच्या पुरवठा शाखेत झाली. तिच्यातली बरीच वर्षे डोंगराळ भागात खेचरांच्या तुकड्यांसोबत गेली आणि निवृत्तीनंतर अशा लहान लढायांचा अभ्यास हाच माझा उद्योग राहिला आहे. त्यामुळे या लढाईकडे मी बंदुकीच्या बाजूने कमी आणि जनावर, दाणा, वैरण व वाट यांच्या बाजूने जास्त पाहतो. माझ्या मते या खिंडीचा निकाल खिंडीत लागलाच नाही. तो लागला खिंडीच्या पश्चिम तोंडाशी, जिथे टेक्सासच्या सैन्याचे सगळे सामानसुमान उभे होते. आपल्या बखरींमध्ये लढत्या फौजेमागून चालणाऱ्या अशा पसाऱ्याला ‘बुणगे’ म्हणतात, आणि ते कापले गेले की फौजेचे काय होते हेही आपल्याला चांगले ठाऊक आहे.

आधी जागा समजून घेऊ. सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांग जिथे दक्षिणेकडे संपते, तिथे तिला वळसा घालणारी ही खिंड सुमारे ७,५०० फूट उंचीवर आहे. मिसूरीहून निघालेली सांता फेची व्यापारी वाट याच खिंडीतून शहरात उतरत असे, आणि आज रेल्वे व महामार्गही तिथूनच जातात, कारण दुसरी सोयीची वाट नाही. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला ग्लोरिएटा मेसा नावाचे उंच पठार आणि मध्ये झाडीने भरलेली, ओहोळांनी कापलेली अरुंद पट्टी. या वाटेवर त्या काळी तीन वस्त्या होत्या. पूर्वेच्या टोकाला पेकोसजवळ कोझलोव्स्कीचे ठाणे होते, साधारण पाच मैल पुढे माथ्याच्या अलीकडे पिजन्स रँच, आणि माथा ओलांडून अपाची कॅनियनची घळ उतरली की पश्चिम तोंडाशी, कान्योनसितो येथे, जॉन्सनचे ठाणे. ही तीन नावे लक्षात ठेवली तर पुढचे सर्व सोपे जाते. आणखी एक खुलासा करतो, कारण नवा वाचक इथे हमखास गोंधळतो: उत्तरेचे, म्हणजे संघराज्याचे, सैन्य या लढाईत पूर्वेकडून आले आणि दक्षिणेचे पश्चिमेकडून. म्हणून पुढे मी ‘संघसेना’ आणि ‘टेक्सन’ हेच शब्द वापरतो.

टेक्सन तिथे पोहोचले ते ब्रिगेडिअर जनरल हेन्री हॉपकिन्स सिब्ली याच्या योजनेमुळे. हा मूळचा संघराज्याचाच अधिकारी, न्यू मेक्सिकोत नोकरी केलेला. युद्ध सुरू झाल्यावर त्याने राजीनामा दिला, महासंघाची राजधानी रिचमंड इथे जाऊन त्याचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याची भेट घेतली आणि टेक्सासमध्ये स्वारांच्या पलटणी उभारून रिओ ग्रान्दे नदीच्या काठाने वर सरकण्याची परवानगी मिळवली. कोलोरॅडोच्या सोन्याच्या खाणी आणि पुढे कॅलिफोर्नियाची बंदरे यांवर त्याची नजर होती. योजनेचा खरा पाया मात्र एकच होता: सैन्य ज्या प्रांतातून जाईल तिथेच पोट भरेल आणि शत्रूची कोठारे ताब्यात घेईल. पुरवठ्याच्या माणसाला असे वाक्य कानावर पडले की पहिला प्रश्न सुचतो, की कोठारे तुमच्या हाती पडेपर्यंत शत्रू ती जाळणार नाही कशावरून? हा प्रश्न सिब्लीने स्वतःला पुरेशा गांभीर्याने विचारलेला दिसत नाही. शिवाय तो प्रदेश कोरडा आणि विरळ वस्तीचा होता. १८४१ सालच्या टेक्सासच्या सांता फे मोहिमेपासून तिथल्या स्पॅनिशभाषक लोकांच्या मनात टेक्सनांविषयी अढी होती. काही मोठ्या व्यापाऱ्यांनी मदत केली, पण महासंघाची कागदी नोट घेऊन मका देण्यास साधा शेतकरी तयार नव्हता.

२१ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हालव्हेर्दे येथील नदीच्या उतारावर टेक्सनांनी प्रांतातल्या संघसेनेचा प्रमुख कर्नल एडवर्ड कॅनबी याच्या सैन्याचा पराभव केला आणि त्याच्या सहा तोफा पळवल्या. पण कॅनबी फोर्ट क्रेग या किल्ल्यात शिरून बसला आणि तो किल्ला घेण्याची ताकद नसल्यामुळे सिब्ली त्याला तसाच मागे सोडून पुढे निघाला. आपल्या पिछाडीला, परतीच्या वाटेवर, शाबूत शत्रू ठेवून पुढे जाण्याची ही चूक पुढच्या सगळ्या घटनांच्या मुळाशी आहे. त्या लढाईत घोडी इतकी मेली की चौथ्या टेक्सास पलटणीला आपले उरलेले घोडे देऊन पायदळ व्हावे लागले. मार्चच्या सुरुवातीला अल्बुकर्की हाती आले, परंतु संघसेनेने निघण्यापूर्वी तिथले कोठार पेटवले होते. सांता फेमधूनही सामानाच्या गाड्या आधीच फोर्ट युनियनकडे गेल्या होत्या. अशा रीतीने सिब्लीला सांता फे ही प्रांताची राजधानी मिळाली, पण भाकरी मिळाली नाही. ती मिळण्याची एकच जागा उरली: खिंडीपलीकडे, त्या प्रांतातले सर्वांत मोठे कोठार असलेले फोर्ट युनियन.

तिकडे फोर्ट युनियनला अनपेक्षित मदत पोहोचली होती. डेन्व्हरमध्ये खाणकामगारांतून उभी केलेली पहिली कोलोरॅडो स्वयंसेवक पलटण बर्फ आणि वारा अंगावर घेत सुमारे ४०० मैल चालून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे आली. तिचा प्रमुख कर्नल जॉन स्लाऊ हा डेन्व्हरचा वकील, आणि मेजर जॉन चिव्हिंग्टन हा मेथडिस्ट धर्मोपदेशक. किल्ल्यावर कर्नल गेब्रिएल पॉल हा अनुभवी सैनिक होता, परंतु स्लाऊच्या नेमणुकीची तारीख आधीची असल्याने अधिकार स्लाऊकडे गेला. कॅनबीचा आदेश किल्ला सांभाळण्याचा होता. त्याच आदेशात शत्रूला हैराण करण्याचीही मुभा होती, तिचा आधार घेऊन स्लाऊ २२ मार्चला १,३४२ माणसे घेऊन बाहेर पडला आणि पॉलने त्याविरुद्ध लेखी तक्रार नोंदवली. शिस्तीच्या दृष्टीने पॉल बरोबर होता, असे मला वाटते. परिणामाच्या दृष्टीने स्लाऊचे धाडस फळाला आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.

पहिली चकमक २६ मार्चला अपाची कॅनियनमध्ये झाली. चिव्हिंग्टन ४१८ माणसांची आघाडी घेऊन पुढे आला आणि त्याची गाठ टेक्सन मेजर चार्ल्स पायरॉनच्या तुकडीशी पडली. याच घळीत १८४६ साली तेव्हा मेक्सिकोकडे असलेल्या या प्रांताचा गव्हर्नर मान्युएल आर्मिहो याने अमेरिकन सैन्याला अडवण्यासाठी माणसे जमवली होती आणि एकही गोळी न झाडता तो निघून गेला होता. जागा अडवण्यासाठी उत्तम आहे याविषयी तेव्हाही कोणाचे दुमत नव्हते. पायरॉनने वाटेवर दोन तोफा मांडल्या. चिव्हिंग्टनने समोरून धडक देण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या उतारांवर माणसे चढवली आणि वरून गोळ्यांचा मारा सुरू केला. पायरॉन मागे सरकून पुन्हा उभा राहिला, पुन्हा वरून मारा झाला, आणि मग कॅप्टन सॅम्युएल कुकच्या स्वारांनी ओहोळ ओलांडून हल्ला केला. सुमारे ७० टेक्सन कैद झाले, तर संघसेनेचे पाच मेले. खिंडीत तळाशी असलेल्या माणसाचे काय होते, याचा धडा टेक्सनांना इथेच मिळाला होता. दोन दिवसांनी स्वतःच्या सामानाची जागा ठरवताना तो त्यांच्या लक्षात राहिला नाही, हे मला या लढाईतले सर्वांत खटकणारे वाटते.

रात्रीतून लेफ्टनंट कर्नल विल्यम स्करी आपली मोठी तुकडी घेऊन गॅलिस्तेओहून पायरॉनच्या मदतीला आला. २७ मार्चचा पूर्ण दिवस टेक्सन जॉन्सनच्या ठाण्यावर मोर्चे बांधून शत्रूची वाट पाहत राहिले, पण शत्रू आला नाही. या एका दिवसात दक्षिणेकडच्या पठारावर चार स्वार पाठवून वाटा पाहून ठेवल्या असत्या तर इतिहास वेगळा झाला असता की नाही, हे सांगता येत नाही. पण निदान दुसऱ्या दिवशीचा अनर्थ टळला असता. २८ तारखेला सकाळी स्करीने हजार-अकराशे माणसे आणि तीन तोफा घेऊन स्वतःच पुढे जाण्याचे ठरवले. गाड्या, पांघरुणे, दारूगोळा, धान्य, औषधे सर्व काही त्याने थोड्या माणसांच्या पहाऱ्यात जॉन्सनच्या ठाण्यावर ठेवले. गाड्या मागे ठेवणे चुकीचे नव्हते, हे मी आवर्जून सांगेन. अरुंद वाटेवर ऐंशीएक गाड्यांची रांग लढत्या सैन्याच्या पाठीशी आणली तर माघारीची वाटच बुजते. चूक होती ती डोक्यावरचा कडा मोकळा सोडण्यात.

त्याच सकाळी स्लाऊनेही सैन्याचे दोन भाग केले. त्याने स्वतः सुमारे साडेआठशे माणसे आणि आठ तोफा घेऊन वाटेने पुढे जायचे आणि चिव्हिंग्टनने पाचशेच्या आसपास माणसे घेऊन पठारावर चढून शत्रूच्या बगलेवर किंवा पिछाडीवर उतरायचे, असा बेत होता. शत्रू जॉन्सनच्या ठाण्यावरच बसलेला असेल, हे त्यामागचे गृहीतक. ते चुकले. सकाळी अकराच्या सुमारास पिजन्स रँचच्या पश्चिमेला अर्ध्या मैलावर दोन्ही सैन्ये एकमेकांना अचानक भेटली, तेव्हा स्लाऊचे बळ आधीच वाटले गेले होते आणि समोर त्याच्याहून जास्त माणसे होती.

पुढचे पाच-सहा तास झाडांआडून, खडकांआडून आणि मातीच्या भिंतींआडून लढाई झाली. तिचा तपशील मी लांबवत नाही, कारण ती या प्रकारच्या लढायांसारखीच झाली: टेक्सन तीन बाजूंनी पुढे येत राहिले, संघसेनेच्या तोफांनी त्यांना थोपवले, आणि शेवटी उत्तरेकडचा कडा टेक्सन नेमबाजांनी घेतल्यावर खालच्या तोफा उघड्या पडल्या. स्लाऊ आधी रँचवर, मग तिच्यामागे आणि पाचच्या सुमारास कोझलोव्स्कीच्या ठाण्याकडे परतला. टेक्सनांचे रॅगे आणि श्रॉपशर हे दोन मेजर पडले. दोन्ही दिवस मिळून प्रत्येक बाजूचे पन्नासच्या आसपास लोक मेले. मैदान स्करीचे झाले आणि त्याने आपल्या सैनिकांचे विजयाबद्दल अभिनंदनही केले.

आता पठारावर काय चालले होते ते पाहू, कारण उत्तर तिथे आहे. चिव्हिंग्टनला त्या पठाराची काहीच माहिती नव्हती. वाट दाखवत होता न्यू मेक्सिको स्वयंसेवकांचा लेफ्टनंट कर्नल मान्युएल चावेस, त्याच प्रांतात जन्मलेला आणि तिथल्या दऱ्याखोऱ्या पायाखालच्या असलेला माणूस. इंग्रजी वृत्तांतांत चावेसचे नाव बहुधा एका ओळीत येते. माझ्या हिशेबाने तो नसता तर ही पाचशे माणसे दिवसभर झाडीत भटकून संध्याकाळी रिकाम्या हाताने परतली असती. दुपारी दीडच्या सुमारास त्याने त्यांना नेमके जॉन्सनच्या ठाण्यावरच्या कड्यावर आणून उभे केले. खाली गाड्यांची रांग, जनावरे, एक तोफ आणि मोजकी माणसे. सापळा असेल या शंकेने चिव्हिंग्टनने बराच वेळ नुसते पाहिले. मग माणसे कड्यावरून धरत, घसरत उतरली. रेग्युलर सैन्याचा कॅप्टन विल्यम लुईस याच्या तुकडीने तोफ घेतली आणि तिच्या कान्यात, म्हणजे दारू पेटवण्याच्या छिद्रात, खिळा ठोकून ती निकामी केली. पहारा पांगला. गाड्या ओढून एकत्र केल्या आणि पेटवल्या.

या ठिकाणी थोडा हिशेब करून दाखवतो. अमेरिकन सैन्याच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे एका खेचराला रोज ९ पौंड चंदी आणि १४ पौंड वैरण, म्हणजे साधारण चार किलो दाणा आणि सव्वासहा किलो गवत लागे. सहा खेचरांची एक गाडी धरली तर ८० गाड्यांना ४८० खेचरे होतात आणि नुसत्या त्यांनाच रोज पाच टनांच्या आसपास खाद्य हवे. मार्च महिन्यात ७,००० फुटांवर हिरवे गवत नसते. याचा अर्थ हा पसारा शाबूत असता तरी तो एका जागी फार दिवस उभा राहू शकला नसता. त्याला फोर्ट युनियन घेणे भागच होते. तो जळाल्यावर मात्र पुढे जाणे आणि जागेवर थांबणे या दोन्ही गोष्टी एकदमच अशक्य झाल्या. चिव्हिंग्टनच्या माणसांनी पाचशेच्या आसपास खेचरे-घोडी संगिनींनी मारली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. त्या आकड्याविषयी सावध राहावे, असे मी सांगेन. नंतरच्या कथनांत तो वाढत गेलेला दिसतो, अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत, आणि ज्याने एकदा तरी घाबरलेल्या खेचरांचा जथा आवरला आहे त्याला हे काम तासा-दोन तासांत हाताने करणे किती कठीण आहे, हे सांगावे लागत नाही. जनावरे मेली असोत वा उधळली असोत, टेक्सनांच्या दृष्टीने फळ सारखेच होते.

परतताना चिव्हिंग्टनला निरोप मिळाला की स्लाऊ मागे हटला आहे. अंधारात त्याच पठारावरून दुसऱ्या वाटेने जाणे भाग होते, आणि तिथे पुन्हा एक स्थानिक माणूसच उपयोगी पडला. अलेक्झांडर ग्झेलाखोव्स्की नावाच्या पोलिश पाद्र्याने, जो त्या भागातल्या वाटा ओळखत होता, ही तुकडी रात्री कोझलोव्स्कीच्या ठाण्यावर सुखरूप पोहोचवली.

लढाई जिंकलेल्या स्करीची अवस्था त्याच्याच अहवालातून कळते. सामान गेल्यामुळे विजयाचा पाठपुरावा करता आला नाही, माणसे दोन दिवस उपाशी आणि पांघरुणाविना राहिली, आणि काहीतरी खायला मिळावे म्हणून सांता फेला यावे लागले, असे त्याने सरळ लिहिले आहे. सांता फेत त्याच्या जखमींची काळजी घेतली ती लुइसा कॅनबीने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध ते लढत होते त्याच कर्नल कॅनबीच्या पत्नीने. लपवून ठेवलेली सरकारी पांघरुणे कुठे आहेत, हेही तिनेच दाखवले. या मोहिमेतल्या इतक्या माणसांमध्ये मला सर्वांत जास्त आदर तिच्याविषयी वाटतो.

आता प्रश्नाच्या नेमक्या भागाकडे येतो: परतीचे कारण फक्त जळालेल्या गाड्या होत्या का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि लोकप्रिय वर्णनांपेक्षा मी इथे थोडा वेगळा आहे. सांता फेत टेक्सन आणखी काही आठवडे तग धरू शकले असते. पण १ एप्रिलला कॅनबी फोर्ट क्रेगमधून बाहेर पडला आणि अल्बुकर्कीवर चालून आला, जिथे सिब्लीचा उरलासुरला साठा होता. मागे सोडलेला तो किल्ला आता अंगावर उलटला. एकीकडे खिंडीपलीकडचे कोठार घेण्याचे साधन जळाले होते, दुसरीकडे शेवटचे कोठार धोक्यात होते. या दोन्हींच्या मध्ये सापडल्यावर माघारीशिवाय मार्गच नव्हता. १५ एप्रिलला पेराल्ताला एक चकमक झाली आणि मग फोर्ट क्रेग टाळण्यासाठी नदीकाठ सोडून पश्चिमेच्या कोरड्या डोंगरांतून, गाड्या टाकत, आजारी माणसे मागे ठेवत, टेक्सनांनी सुमारे शंभर मैलांचा वळसा घेतला. मोहिमेवर निघालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे गमावून हे सैन्य त्या उन्हाळ्यात टेक्सासला परतले.

‘पश्चिमेचे गेटिसबर्ग’ ही उपमा मी वापरत नाही. गेटिसबर्गला तीन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसे मेली, जखमी झाली, हरवली किंवा पकडली गेली, आणि त्यानंतरही दक्षिणेची मुख्य फौज जवळजवळ दोन वर्षे लढत राहिली. ग्लोरिएटाचे उलट आहे: माणसे थोडी, पण त्या युद्धक्षेत्रातला प्रश्न कायमचा संपला. दक्षिणेचे सैन्य त्या प्रांतात पुन्हा आले नाही. आकाराची तुलना करून तिला मोठे दाखवण्याची गरज नाही.

चिव्हिंग्टनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या छाप्यामुळे त्याचे नाव झाले, स्लाऊने राजीनामा दिल्यावर तो कर्नल झाला, आणि २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे शायेन व अरापाहो लोकांच्या वस्तीवर त्याने केलेल्या हल्ल्यात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत बायका आणि मुले बहुसंख्य होती. त्याच कोलोरॅडो पलटणीतल्या सायलस सोलने तिथे आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही आणि पुढे चौकशीत त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. ग्लोरिएटाचे वर्णन करताना पुष्कळ लेखक या माणसाला कड्यावरच सोडून देतात. तसे करू नये.

प्रत्यक्ष जागा पाहायची असेल तर ती आता पेकोस राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. १९८७ साली पिजन्स रँचजवळ घराच्या पायासाठी खोदकाम करताना एकूण ३१ टेक्सन सैनिकांचे अवशेष सापडले आणि त्यांत मेजर श्रॉपशरचेही होते. अल्बुकर्कीतही जमिनीखाली या मोहिमेची एक खूण राहिली होती. एप्रिल १८६२ मध्ये शहर सोडताना टेक्सनांनी आठ लहान तोफा पुरल्या, कारण त्या ओढण्यासाठी जनावरे उरली नव्हती आणि असलेली जनावरे व्हालव्हेर्देला पळवलेल्या सहा तोफांसाठी हवी होती. त्या सहा तोफा टेक्सासला पोहोचल्या. पुरलेल्या तोफांची जागा त्यांच्यातल्याच मेजर ट्रेव्हॅनियन टील याने १८८९ साली स्वतः येऊन दाखवली, आणि त्या बाहेर काढण्यात आल्या.